आडव्या बोटाचं पितळ

“वैनी, आवं, भावजींचं पोटबिट दुखतंय का? रोज पाच वाजलं की कण्हल्यागत ऐकू येतंय.”

आक्कांनी भिंतीवरून कढीपत्त्याची जुडी पुढं केली आणि शेवटी विचारलंच. इतके दिवस त्या गप्प कशा राहिल्या याचंच मला नवल वाटत होतं. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. भिगवण रोडच्या बाजूला ही कॉलनी झाली तेव्हा दोन्हीकडचे पैसे संपले, म्हणून ती तेवढीच राहिली. पुढं पैसे आले, पण भिंत उंच करायचं कुणी नाव काढलं नाही. केली असती तर बोललो कुठं असतो?

“पोट चांगलं आहे त्यांचं,” मी म्हटलं. “गिटार आहे ती.”

“गिटार! ह्या वयात?”

मग सगळं सांगावं लागलं. आमचे हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने घरातले नळ, बिजागऱ्या, कुकरचे दांडे सगळं दुरुस्त करून झालं. न बिघडलेलंही दुरुस्त करून झालं. एके दिवशी माळ्यावर चढले आणि भाच्याची गिटार घेऊन उतरले. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथून हिंजवडीला लागला, गिटार आमच्याकडंच राहिली होती. आणि मग यांना आठवलं, की लहानपणी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ‘यादों की बारात’ पाहिला तेव्हापासून आपल्याला गिटार वाजवायची आहे! इतक्या वर्षांच्या संसारात मला हे पहिल्यांदाच कळत होतं.

“म्हंजे झीनत अमानच्या हातात हुती ती?” आक्कांनी बरोबर पकडलं. “पांढऱ्या कपड्यातली?”

“तिच्या हातात होती. वाजवलेली भूपिंदर सिंगांनी. तेच ते, गझला म्हणायचे.”

“बघा. मिरवायचं एकीनं आन् राबायचं दुसऱ्यानं. आमच्या जावंचं डिट्टो तसंच.”

जावेचा विषय बराच चालला. तो इथं देत नाही, कारण त्या सगळं वाचतात.

तर, गिटारीतलं सोपं सोपं यांना पटकन आलं. ई मायनर दोन बोटांत होतो. ए मायनर, डी मायनर तीन बोटांत. बाकीच्या तारा मोकळ्या वाजतात, कुणी दाबायच्या नसतात. हे खूश. संध्याकाळी चहाच्या आधी ई मायनर, चहानंतर ए मायनर. मग भाच्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “मामा, आता एफ मायनर.” तिथून घरातली शांतता गेली.

आक्का म्हणाल्या, “म्हंजे करायचं काय असतं त्यात?”

मी रोज समोर बसून पाहते, त्यामुळं मला तोंडपाठ झालंय. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाच्या सहा तारांवर आडवी झोपवायची. याला बार म्हणतात. मग अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तिच्या खाली चौथ्या तारेवर त्याच फ्रेटला करंगळी. मधलं बोट रिकामं. झालं. एवढंच. तारा छेडल्या की सहाच्या सहा वाजायला पाहिजेत. यांच्या मात्र दोन वाजायच्या, एक झणझणायची आणि उरलेल्या टक्-टक् करायच्या. अंगठ्यानं मागून गिटारीची मान अशी आवळायचे की नखं पांढरी पडायची. आणि मग ते कण्हणं. आक्का, गिटारीचंच म्हणते मी. थोडं यांचंही असेल.

आता फिटर माणूस. चूक आपल्या हाताची आहे हे तो शेवटी मानणार. आधी मशीन तपासणार. गिटार टेबलावर आडवी घातली, स्टीलची पट्टी आणली, फिलर गेज आणलं. बाराव्या फ्रेटपाशी तार पट्टीपासून चार मिलिमीटर वर निघाली. “अडीचच्या वर नको होती,” हे डॉक्टरसारखे म्हणाले. माळ्यावरच्या उन्हाळ्यानं मान वाकली होती. ती आतल्या सळीला चावी देऊन सरळ केली. मग डोक्याकडच्या नटच्या खाचा बारीक कानशीनं घासल्या, अगदी केसाकेसानं, कारण जास्त घासलं की तार फ्रेटवर आपटून झणझणते. मग भाच्याला फोन करून तारा कितीच्या आहेत विचारलं. बाराच्या होत्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तार एक इंचाच्या हजार भागांतले बारा भाग जाड. दहाच्या मागवल्या. दाबायला हलक्या पडतात.

फरक पडला, नाही म्हणत नाही. पण कॉर्ड काही लागेना.

भाच्यानं एक कामाचं सांगितलं, की मामा, पहिल्या फ्रेटवर सुरूच करू नका. हेच बोटांचं आसन उचलून पाचव्या फ्रेटवर न्या, तिथं तो ए मायनर होतो. तिथं जमला की एकेक फ्रेट खाली या. कारण पटल्याशिवाय हे काही करत नाहीत, म्हणून कारण स्वतःच काढलं. पहिला फ्रेट नटला चिकटून असतो. तिथं तार दोन्ही बाजूंनी ताठ धरलेली, वाकायला जागाच नाही. पाचव्यावर ती सैल लवते. शिवाय घरं लहान होत जातात. यांच्या गिटारीवर पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरहून रुंद आहे, पाचवं तीनच्या आत. करंगळीला तेवढा ताण कमी. हे त्यांनी वहीत आकृती काढून मला दाखवलं, मी पोळ्या लाटत असताना.

“आन् तुम्ही पाह्यलं?” आक्का म्हणाल्या.

“पाहिलं. नाहीतर परत काढली असती.”

मध्येच यांना कुठून तरी टोनी आयोमीची गोष्ट सापडली, मग तीच दोन दिवस चालली. बर्मिंगहॅमचा पोरगा. पत्र्याच्या कारखान्यात कामाला. 1965 साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची शेंडी गेली. आणि पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, आणि पुढं ब्लॅक सबाथ नावाचा बँड काढला. त्याला उमेद यावी म्हणून कारखान्यातल्या साहेबानं जँगो राइनहार्टची रेकॉर्ड दिली होती. त्या जँगोची तर 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेलेली. वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला ही गोष्ट लागणारच. हे सांगताना स्वतःची बोटं उघडून बघत होते.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे त्यांची दोन-दोन बोटं जाऊन वाजली, आन् भावजींची धा शाबूत असून वाजंना.”

हे खिडकीतच असणार, कारण आतून खाकरल्याचा आवाज आला.

आता आक्कांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आक्कांचं माहेर निमगाव केतकी, इंदापूर तालुक्यातलं, विड्याच्या पानांचं. वडिलांच्या पानमळ्याशेजारीच भजनी मंडळाची जागा. तिथं पेटी ऐकून ऐकून त्या शिकल्या, मग गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा सुरू केल्या. प्रवेशिका पूर्ण झाली आणि लग्न ठरलं, मध्यमा राहिली ती राहिलीच. आज आमच्या भागातल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी त्यांची. बोलतात अशा, पण कानाच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणी उभं राहू नये. प्रेशर कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते सांगतात.

तर त्या म्हणाल्या, “वैनी, भावजींना बलवा.”

हे आले. गिटार घेऊनच आले. भिंतीपाशी खुर्ची ठेवली, बोटं लावली, तार छेडली.

आक्कांनी डोळे मिटले. “गंधार कुठाय?”

“काय?”

“सा हाय. पंचम हाय. वरचा सा हाय. गंधार मुका हाय. आवं, तुमचं हे मायनर म्हंजे सा, कोमल गंधार, पंचम. त्यातला कोमल गंधारच न्हाय. मग रडायचं कुणी?”

यांनी एकेक तार वेगळी छेडून पाहिली. सहावी वाजली. पाचवी, चौथी वाजली. तिसरी टक्. दुसरी, पहिली वाजली. म्हणजे इतके दिवस हे सगळ्या हाताला दोष देत होते आणि गुन्हेगार एकच तार होती. ज्या बाईनं आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती, तिनं भिंतीपलीकडून ती नाव घेऊन दाखवली.

मला यातली खरी गंमत नंतर कळली. एफ मेजरही असाच पकडायचा, फक्त तिथं मधलं बोट रिकामं नसतं. ते तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बसतं आणि शुद्ध गंधार देतं. ते बोट नुसतं उचललं की मेजरचा मायनर होतो. वाटतं किती सोपं, एक बोट कमीच झालं की. पण ते उचललं की तिसरी तार पडते आडव्या तर्जनीच्या पदरात, आणि तिथं तर्जनीचं पितळ उघडं पडतं. मेजरमध्ये ती अर्धी झोपा काढत असते तरी कुणाला कळत नाही, कारण मधल्या तारा बाकीच्यांनी दाबलेल्या असतात. मायनरमध्ये अख्ख्या कॉर्डमध्ये गंधार एकाच तारेवर, आणि तो सांभाळायचा एकट्या तर्जनीनं. ती चुकली तर उरतं नुसतं सा-प. ना हसू ना रडू.

हे म्हणाले, “पण बी मायनर मला जमतो!” जमत होताच. आक्कांनी तोही वाजवायला लावला, बोटं कुठं आहेत ते बघितलं आणि निकाल दिला. बी मायनरमध्येही तर्जनी आडवी असते, दुसऱ्या फ्रेटवर. पण तिथं तिला खरं काम दोनच तारांवर, पाचवी आणि पहिली. मधल्या तीन तारा दुसऱ्या बोटांनी दाबलेल्या. आणि कोमल गंधार दुसऱ्या तारेवर, थेट मधल्या बोटाच्या शेंड्याखाली. “म्हंजे तिथं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर हाय,” आक्का म्हणाल्या. “ह्या पांढरी चारच्या कॉर्डात तुमच्या सोताच्या.”

पेटीवाल्यांना एफ म्हटलेलं चालत नाही. एफ म्हणजे पांढरी चार, बी म्हणजे पांढरी सात. हे आता भाच्यालाही फोनवर “पांढरी चार मायनर” म्हणतात आणि तो गोंधळतो.

मग तर्जनीची तपासणी झाली. भिंतीवर हात ठेवून, चष्मे लावून, दोघांनी. तिसरी तार बरोबर बोटाच्या पेराच्या घडीत जात होती. बोट वरून सपाट दिसतं, पण आत घडीपाशी खळगा असतो. तार त्यात आरामात बसते आणि दाबलीच जात नाही. जोर कितीही लावा, जोर बाजूच्या मांसावर पडतो. उपाय काय, तर बोट जरासं वर सरकवायचं, म्हणजे घडी दोन तारांच्या मध्ये येते. आणि बोट पोटावर न झोपवता अंगठ्याकडच्या कुशीवर किंचित कलंडवायचं, तिथं हाड लागतं आणि खळगे नसतात. फ्रेटच्या धातूला अगदी खेटून. रिकामं मधलं बोट तर्जनीच्या पाठीवर ठेवलं तरी चालतं, ते बिचारं तसंही बसूनच असतं.

उरला अंगठा. तो आवळून आवळून यांचा तळहात संध्याकाळी आखडायचा. आक्कांनी इथं आपलं ज्ञान काढलं. उसाची मोळी बांधताना वाढं बोटानं आवळलं तर बोटं जातात आणि मोळी सुटते. खांद्यातनं मागं ओढायचं असतं. हे फिटर झाले तरी मूळचे शेतकऱ्याघरचे, त्यांना लगेच कळलं. कोपर खाली सोडलं, दंडाचं वजन मागं घेतलं, गिटारीचं पोट उजव्या हातानं छातीशी धरलं. अंगठा नुसता टेकलेला. आणि पाचव्या फ्रेटवर तिसरी तार बोलली.

एकदाच. दुसऱ्या वेळी परत टक्.

हे आमच्या बारामतीचेच, त्यामुळं हार मानण्याआधी एक विद्वत्तेचा प्रयत्न झाला. म्हणाले, “आपल्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, ओठ मिटावे लागतात ती अक्षरंच गाळून. प नाही, फ नाही, ब-भ-म नाही. मी गंधार गाळून वाजवतो असं समजा.”

“मोरोपंतांनी ठरवून गाळलं,” आक्का म्हणाल्या. “तुमचं आपोआप गळतंय.”

मी मान फिरवून कढीपत्ता निवडायला लागले. नवऱ्यावर भिंतीवरून हसायचं नसतं.

एवढा खटाटोप का, असं कुणीही विचारेल. मोकळ्या कॉर्डवर जन्म काढणारे कितीतरी आहेत. मलाही तेच वाटायचं, पण कारण बायकांचा गळा आहे. पुरुष मंडळी काळी एकला गातात. आमचं मंडळ काळी चारला. गिटारीवर काळी चारला एकही मोकळा कॉर्ड नाही. तिथं मायनर हवा असेल तर आडवं बोट चौथ्या फ्रेटवर घालावंच लागतं. कॅपो म्हणून एक चिमटा मिळतो, तो चौथ्या फ्रेटला लावला की मोकळा ई मायनर काळी चारचा होतो. भाच्यानं तो पाठवलाही. पण चाल थोडी पुढं गेली, पंचमावर मायनर लागला, की चिमट्याखालीसुद्धा बी मायनरचं आसन येतं आणि बोट आडवं होतंच. सुटका नाही.

आणि काळी चार हवी कशाला, तर तुकोबांच्या पालखीसाठी. पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला जाते, तिथं धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, आणि निमगाव केतकीचा मुक्काम. आक्कांच्या माहेरी त्या रात्री वारकरी उतरतात आणि आमचं मंडळ ओसरीवर भजन करतं. हे एकदा हळूच म्हणाले, “मीही आलो तर?”

“यायला काय, या की.”

“गिटार घेऊन.”

आक्का कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. “दिंडीत न्हाय हां. वीणा, पखवाज, टाळ, चौथं काय न्हाय. टाळ हाणतील डोस्क्यात. ओसरीवर चालंल.” मग थोडं थांबून, “माझी पेटी तरी कुठं आपली? तीबी परदेशातनंच आलेली. रेडिओनं 1940 पासनं 1971 पर्यंत पेटीला दारात उभं केलं न्हवतं. तरी ओसरीवर हुतीच.”

तेव्हापासून पाचची वेळ भिंतीपाशी. पाचव्या फ्रेटवरून चौथ्यावर उतरणं झालं. आक्का पेटीवर काळी चार धरतात, कोमल गंधार म्हणून पांढरी सात दाबतात, हे तिसरी तार छेडतात. जुळलं की पुढं. आता मधून मधून सहाच्या सहा तारा वाजतात. वाजल्या की हे खिडकीकडं बघतात, मी ऐकलं का म्हणून.

एकदा मी आक्कांना विचारलं, की शुद्ध गंधार इतका सहज येतो, कोमललाच का एवढे कष्ट? त्यांनी त्यांच्या गुरुजींचं सांगितलं. तानपुरा चांगला जुळला, जवारी नीट लागली, की खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी दाबत नाही, कुणी छेडत नाही. स्वयंभू म्हणतात त्याला. तार एकटी वाजतच नाही, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाचे सूर तिच्या पोटात असतात, आणि पाचपटीचा सूर म्हणजेच शुद्ध गंधार. तो निसर्गानं फुकट दिला. कोमल गंधाराला असं आयतं कुणी नाही. तो माणसानं दाबून काढायचा. मिरजेच्या तानपुऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्याच भीमेच्या पाण्यावरचे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. माहेरचं काही सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही.

परवा पूर्ण तालीम झाली. भिंतीच्या त्या बाजूला मंडळातल्या बायका, ह्या बाजूला हे. भीमपलासातला अभंग. काळी चार मायनर स्वच्छ लागला. पुढचा अभंग सुरू झाला, यांनी जोरात तोच कॉर्ड हाणला, आणि मृदंगवाल्या काकूंनी हात वर केला.

“भावजी,” आक्का म्हणाल्या, “ह्यात गंधार शुद्ध हाय. ते मधलं बोट ठिवा खाली.”

“आत्ता तर उचलायला शिकलो!”

“मग ह्या अभंगाला तुमची पहिली तऱ्हा करा. तिसरी तार मुकी. नुसतं सा-प. तानपुऱ्यागत छान लागत हुतं ते.”

यांनी प्रयत्न केला. तिसरी तार आता मुकी राहीना. बोट आपसूक कुशीवर कलंडतं आणि ती खणखणीत वाजते. काकू मृदंगावर हात ठेवून वाट बघत बसल्या. तो प्रश्न तसाच आहे. निमगावला जाईपर्यंत सुटेल. सध्या आमची चर्चा एसटीची चाललीय. मंडळाला अर्ध्या तिकिटात जायचंय, आणि गिटार मांडीवर धरावी लागणार.

“भावजींचं पुरं तिकीट लागंल,” आक्कांनी हिशोब केला. “गिटार माझ्याकडं द्या. कंडक्टरनं इच्यारलंच तर तिचंबी अर्धंच काढू.”